रक्तदाब आणि शिसं

ऊसतोडीचा हंगाम आला की अकलूज परिसरात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते आणि बॅटरीवाल्यांनाही उसंत नसते. जुन्या बॅटरीच्या प्लेटा हाताळणाऱ्या तरुणाचा रक्तदाब वाढलेला निघाला, तर मिठाबरोबर शिशाचीही चौकशी करायला हवी.

धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळला की नळी अरुंद होते आणि दाब वाढतो. आवळण्याचा हुकूम कॅल्शियम देतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. शिसं हा कॅल्शियमचा तसाच तोतया. ते स्नायूपेशीत शिरतं आणि कॅल्शियमचा हुकूम मानणाऱ्या प्रथिनांना परस्पर कामाला लावतं. शिवाय धमनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड त्याच्यामुळे कमी पडतो. मूत्रपिंडालाही इजा होते, म्हणून दाब आणखी चढतो.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत ते वर्षानुवर्षं मुक्काम करतं. गरोदरपणात आणि पाळी गेल्यावर हाडं झिजली की ते पुन्हा रक्तात उतरतं.

शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, रंगांतल्या शिशावर २०१७ पासून मर्यादा आली. तरी काही वाटा उघड्याच आहेत:

• बॅटरीचं काम करणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, डबा उघडू नये. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ती धूळ लेकरांच्या पोटात जाते.
• हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना लेड क्रोमेट चोळतात. फार चकाकणारी हळकुंडं टाळा. साधी घ्या, धुऊन, वाळवून ओळखीच्या गिरणीतून दळून आणा.
• पितळी भांड्याला कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या.
• घटक न लिहिलेल्या भस्माच्या पुड्या आणि सुरमा नकोच.

लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसं जास्त शोषतात. म्हणून ताटात नाचणी, पालेभाजी, दूध असू द्या.

शंका असेल तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही; डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाल्यास शिशाचा उगम शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘शरीरशुद्धी’ची औषधं मनानं घेऊ नका आणि रक्तदाबाची चालू गोळी बंद करू नका.