एकट्या नाविकाची नौका

दूर पल्ल्याच्या नौकेवर माणसे थोडी असली तर कारभार कसा चालावा? ‘म्हादेई’चे उदाहरण आपण पाहू. ही ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. नौदल अधिकारी दिलीप दोंदे बांधणीच्या काळातही तिच्याजवळ होते. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी परतले. सुकाणू धरण्यास दुसरा कोणी नाही. तेव्हा वाऱ्याच्या दिशेने चालणारे यंत्र ते सांभाळते आणि नाविक तेवढ्यात डुलकी घेतो. भर समुद्रात मोडलेले मात्र त्यालाच जोडावे लागते. म्हणून नौकेचा प्रत्येक दोर त्याच्या ओळखीचा हवा. हातांची उणीव ज्ञानाने भरून निघते, असे आम्हांस वाटते.