सांजेच्या ताटाविषयी

लासूर स्टेशन,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. वाळूजच्या कारखान्यातील पाळी संपवून खोलीवर परतल्यावर शेगडी पेटविण्याचे त्राण उरत नाही, आणि म्हणून रात्रीचे जेवण बहुधा नाक्यावरच्या गाडीवर किंवा पाकिटातल्या शेवयांवर भागते, हे तू मोकळेपणाने लिहिलेस याचे मला समाधान वाटले. माझे सांगणे थोडक्यात एवढेच आहे की, आज काय रांधावे हा प्रश्न थकलेल्या देहापुढे रोज नव्याने मांडू नये. त्याचा निवाडा ऋतूवर आणि बाजारावर सोपवावा, आणि त्यांच्याकडून हुकूम आला की त्याची तामिली तेवढी आपण करावी.

हा माझ्या पदरचा शोध नव्हे. आपल्या गंगापूर तालुक्यातील जिरायत शेतकरी बाजरीचा पेरा करताना त्यात तुरीच्या ओळी धरी, मटकी-हुलगा मिसळी आणि कडेला अंबाडीचे तास टाकी, ते अशासाठी की पावसाने दगा दिला तरी एखादे पीक हाती लागावे आणि द्विदल पिकांमुळे जमिनीचा कसही टिकावा. शेतातील हीच व्यवस्था सायंकाळी त्याच्या ताटात उतरत असे: बाजरीची भाकरी, मटकीची उसळ किंवा तुरीचे वरण, आणि अंबाडीची भाजी. धान्याच्या प्रथिनांत लायसीन नावाचा जो घटक उणा असतो तो डाळी-कडधान्यांत विपुल असतो, असे आहारशास्त्र सांगते. ते शास्त्र ज्याच्या कानी कधी पडले नाही त्या कुणब्याच्या घरी त्याचे पालन पिढ्यान्‌पिढ्या होत आले. म्हणून एक भाकरी, एक डाळ वा उसळ, एक हंगामी भाजी आणि तोंडी लावायला एक चटणी, एवढा चौकडीचा आराखडा तू कायम धर. त्यात बदलायचे ते ऋतूने बदलावे.

सध्याचे दिवस तर या दृष्टीने सर्वांत उदार. मेथी, शेपू, करडई, कांद्याची पात, वांगी आणि तुरीच्या हिरव्या शेंगा आता बाजारात मुबलक येतात. हरभऱ्याला फुटवे फुटावेत म्हणून त्याचे शेंडे याच सुमारास खुडतात, आणि तो कोवळा, अंगच्या आंबेने किंचित आंबटसर पाला बारीक चिरून, मूठभर शेंगदाण्यांसह शिजवून, ज्वारीचे थोडे पीठ लावून घोटला आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी दिली, की त्याला दुसऱ्या कोणत्याही मसाल्याची गरज पडत नाही. तुरीचे सोले तव्यावर भाजून, हिरवी मिरची व लसूण घालून ओबडधोबड वाटावे आणि त्यांची आमटी करावी. भाकरी होईपर्यंत तीही होते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ऋतुचर्येलाच दिला आहे, आणि हेमंतात जठराग्नी प्रबळ असल्याने स्निग्ध, पौष्टिक अन्न घ्यावे असे त्यात सांगितले आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा, हा आपल्याकडील थंडीचा रिवाज त्या विधानाशी पुरेपूर जुळतो.

फाल्गुनापासून शेवग्याच्या शेंगा येतील, त्या वरणात सोडाव्या. पुढे वैशाखात भाजीपाला आटला की सांडगे, मुगवड्या, कैरी आणि कांदा यांवर निर्वाह करावा. कैरी घातलेले वरण आणि ज्वारीची भाकरी यांत उन्हाळ्याचे सारे समाधान सामावते. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, टाकळा यांसारख्या अल्पमोली रानभाज्या, आणि मग अंबाडी: ती उकडून तिचे आंबट पाणी काढून टाकावे, ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ यांत शिजवावी आणि फोडणीला तेल मात्र हात आखडता घेऊन घालू नये.

आता तजविजीविषयी. सुटीच्या दिवशी तासभर काढून शेंगदाण्यांचे कूट, जवसाची किंवा कारळाची चटणी आणि सोललेल्या लसणाची वाटी सिद्ध ठेवावी. घरचे येसर मी पाठवीत आहे. भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाला यांचे ते पीठ पाण्यात कालवून फोडणीत ओतले आणि उकळी आणली की आमटी तयार. अगदीच उशीर झाला तर पिठले आहेच. त्याला पाव तास पुरतो. मटकी मात्र एक दिवस आधी भिजवून, रात्री फडक्यात बांधली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या सायंकाळी मोड हाती येतात. बाजरीचे पीठ आठवड्यापुरतेच दळून आण. त्यात स्निग्धांश अधिक असल्यामुळे ते लवकर कडवट होते, आणि पुष्कळ तरुण जो दोष बाजरीला देतात तो वास्तविक शिळ्या पिठाचा असतो.

निजामाच्या अमलात, १९०० च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद लोहमार्ग पडला आणि आपल्या या स्टेशनाभोवती पेठ वसली, तेव्हापासून कांदा, कापूस, धान्य यांची उलाढाल येथे चालत आली आहे. त्या पेठेत राहून शिकलेली एक गोष्ट सांगतो: जो जिन्नस त्या आठवड्यात स्वस्त, तोच बहुधा त्या आठवड्यात ताजा. टोमॅटो महागला तर चिंचेचा कोळ घालावा. लाल कांदा टिकत नाही म्हणून थोडाच घ्यावा, आणि साठवणीचा घ्यायचा तो उन्हाळी घ्यावा. टोपलीत पालेभाजी घेऊन बसणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. पहाटे तिने खुडलेल्या जुडीतच तुझ्या रात्रीच्या जेवणाची अर्धी मेहनत झालेली असते.

स्वयंपाक हे पुरुषाचे काम नव्हे, ही समजूत मनात असेल तर ती आजच काढून टाक. उद्या तुझा संसार होईल, तुझ्याप्रमाणे तुझी पत्नीही नोकरीवरून दमून येईल, आणि त्या वेळी भाकरी थापता येणारा हात घरात दोघांचा असणे हे शेकडो गोड शब्दांहून अधिक उपयोगी ठरेल.

एकदम सात रात्रींचा संकल्प करू नकोस. या आठवड्यात चारच रात्री घरी जेव. पहिल्या रात्री मेथी, दुसऱ्या रात्री मटकी, तिसऱ्या रात्री भरीत, चौथ्या रात्री येसर आमटी. भाकरी पहिल्याने फाटेल. पीठ गरम पाण्यात भिजवून चांगले मळावे, म्हणजे ती साधते. काय जमले आणि काय अडले ते सविस्तर कळव, म्हणजे पुढचे लिहिता येईल.

कळावे,
तुझा मामा