लहान बँक, मोठी बँक आणि आपला धंदा

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सल्ला देतो की, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन द्यावे; नुसत्या शिक्षेने राज्यातील चोऱ्या थांबणार नाहीत. व्यापारासाठी भांडवल पुरविणे हे राज्याचे कर्तव्य मानणारा हा विचार आपण अभ्यासाला घ्यावा, असे आम्हांस वाटते.

समजा, आयटीआय झालेल्या आपल्या तरुणास मेहकरला मोटार वाइंडिंगचे दुकान टाकायचे आहे. त्यास 80 हजार रुपये हवे आहेत. तो कोणाच्या दारी जाईल?

मोठी बँक माणसास ओळखत नाही, कागद ओळखते. कोटेशन, भाडेकरार, उद्यम नोंदणी, सिबिल. शाखाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो, म्हणून त्याचा विश्वास फाइलवरच असतो. शिवाय 80 हजारांच्या फाइलीला आठ लाखांच्या फाइलीइतकेच श्रम पडतात, मग ती मागे पडते. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत ही रक्कम 'किशोर' गटात बसते आणि त्यास तारण मागता येत नाही. पण हे काउंटरवर ठासून सांगणारा अर्जदार विरळा! महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवल योजनेतही मोठा हिस्सा बँकेचाच असल्याने फाइल फिरून त्याच टेबलावर येते.

लहान बँक वा पतसंस्था माणूस पाहते. दैनिक बचत गोळा करणारा प्रतिनिधी रोज दुकानात येतो, गल्ला पाहतो. त्याचा शब्द ताळेबंदाइतका चालतो. कर्ज लवकर मिळते, व्याज मात्र बहुधा जास्त. 1986 साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था गोदामातील धान्यावर कर्ज देत मोठी झाली, ती स्थानिक गरज ओळखल्यामुळेच.

परंतु ओळखीचा व्यवहार ओळख असणाऱ्यांपुरताच असतो. दोन जामीनदार आणा म्हटले की, ज्याच्या नात्यागोत्यात सातबारा वा पगारपत्रक नाही, त्याचे काम तेथेच अडते. मोठ्या बँकेचा कागद निदान जात विचारीत नाही. संचालक मंडळाची ओळख मात्र गावाच्या जुन्या रचनेतूनच आलेली असते. लहान संस्थांची स्तुती करणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

दुसरा धोका ठेवीचा. मलकापूर अर्बन बँकेवर नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदारास 10 हजारांपलीकडे काढता येईना, आणि चालू खातेही त्यातून सुटले नाही. ज्याचे मालाचे पैसे त्या खात्यात, त्याचे दुकान कसे चालणार? जुलै 2023 मध्ये परवानाच रद्द झाला. बँकेतील ठेवीस 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीस तो नाही. म्हणून कर्ज कोठूनही घ्या, सारी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका.

विद्यार्थ्यांनी आणखी एक नियम ध्यानी ठेवावा. अनुसूचित जातीच्या अर्जदाराचे कर्ज शाखेने आपल्या पातळीवर नाकारू नये, वरच्या कार्यालयाने कारण नमूद करून नाकारावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी व नकाराचे कारण लेखी मागावे.