तपासणीला बायका येणार कशा?

प्रश्न : माझी सून एका धर्मादाय रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात आहे. तिथे बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा नवा कार्यक्रम सुरू होतोय आणि त्याच्या प्रचाराची आखणी तिच्या गळ्यात पडली आहे. आमच्या वेळी डॉक्टर पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लावत. त्यांना जाहिरातीला बंदी असते असं ऐकून आहे. मग कर्वे रस्त्यावर रुग्णालयांचे एवढाले फलक कसे? आणि अशी मोहीम आखतात तरी कशी?
– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि फलकही खरे आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्ण मिळवण्यासाठी आर्जव करणं हे डॉक्टरांसाठी अनैतिक ठरतं. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस गैरहजर होतो आणि आता परत आलो, शुल्क अमुक आहे, एवढंच वर्तमानपत्रातून कळवायची मुभा आहे. डॉक्टर चालवत असलेल्या सूतिकागृहाची किंवा शुश्रूषागृहाची जाहिरात चालते, पण तिच्यात संस्थेचं नाव, कोणते रुग्ण घेतले जातात, सोयी कोणत्या आणि शुल्क किती यापलीकडे काही नको. मात्र या नियमावलीचा अंमल नोंदणीकृत डॉक्टरवर चालतो. रुग्णालय चालवणारी कंपनी किंवा न्यास डॉक्टरांच्या रजिस्टरात नसतो. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये एका खासगी रुग्णालयाच्या प्रकरणात परिषदेला रुग्णालयांवर अधिकार नाही असंच म्हटलं. तुमच्या कर्वे रस्त्यावरचे फलक या फटीतून उभे राहतात.

म्हणून रान मोकळं आहे असं नाही. कॅन्सरसह ५४ आजारांवर औषधाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आडवा येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शंभर टक्के खात्री’ हे शब्द सूनबाईंनी मसुद्यात दिसताक्षणी खोडावेत.

याच २००२ च्या नियमांत एक वाक्य मला फार शहाणपणाचं वाटतं. डॉक्टरने स्वतःची टिमकी वाजवणारे लेख लिहू नयेत, पण सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने जरूर लिहावं, असा त्याचा आशय. आजाराबद्दल बोला, स्वतःबद्दल नको. ही वाट किती दूर नेते याचं उदाहरण पुण्यातच आहे.

डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाबद्दल लेखमाला लिहिली तेव्हा ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र नव्हतंच. लेख होते ते व्यसनात सापडलेल्या तरुणांचे आणि त्यांच्या घरच्यांच्या होरपळीचे. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला पुढे आले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला केंद्र सुरू केलं. म्हणजे प्रचार आधी झाला, कार्यक्रम नंतर आला. त्या प्रचारात कुणाला ‘या’ असं म्हटलेलं नव्हतं. काय चाललंय ते सांगितलं होतं. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. व्यसनी माणूस आपणहून उठून दाराशी येतो असं फार क्वचित होतं. त्याला आणते बायको, आई, भाऊ. मुक्तांगणने या आणणाऱ्या माणसाला कार्यक्रमातच जागा दिली. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, आणि व्यसनातून बाहेर पडलेले लोकच तिथे समुपदेशक म्हणून काम करू लागले. नव्या माणसाच्या घरच्यांना याहून बोलकी जाहिरात कोणती दाखवणार?

तेव्हा सूनबाईंनी पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो असा : या बाईला तपासणीला कोण घेऊन येईल?

याचं चांगलं उत्तर मुंबईत मिळालं होतं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. पद्धत साधी : गर्भाशयमुखाला, बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाला, सौम्य अॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरच लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं होतं. घरोघर जाऊन बोलणं आणि वस्तीतच तपासणी, यामुळे बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के आल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. (दुसऱ्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.)

पण त्यातला आणखी एक आकडा सूनबाईंनी टेबलासमोर चिकटवावा. तपासणीत शंका आलेल्यांपैकी पुढच्या निदानापर्यंत पोचल्या सुमारे ७९ टक्के. एवढ्या चोख यंत्रणेतही पाचातली एक मधेच गळाली.

म्हणून मोहिमेचा हिशेब मागून पुढे करायचा. समजा रुग्णालय रोज २० बायका तपासू शकतं, महिन्याचे २४ दिवस. झाल्या ४८०. त्यातल्या दहातल्या एकीला कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून बारकाईने तपासणी, लागते असं धरलं तर ४८. पण ते यंत्र चालवणाऱ्या डॉक्टर फक्त गुरुवारी येतात आणि सहाच जणींना पाहतात. म्हणजे महिन्याला २४. तीन महिन्यांत ७२ बायका ‘काहीतरी निघालंय’ हे ऐकून रांगेत बसलेल्या असतील. अशा वेळी फलक लावणं म्हणजे भीती वाटत फिरणं. आधी दुसरा वार मागून घ्यावा, मग पत्रकं छापावीत. आणि अंदाजपत्रकात पहिला खर्च धरावा तो रांगेतल्या प्रत्येकीला फोन करणाऱ्या बाईच्या पगाराचा. जनसंपर्क विभागात हे कुणाला आवडत नाही, कारण फोन करणाऱ्या बाईचा फोटो वार्षिक अहवालात येत नाही.

आता पुण्यातलं वेळापत्रक. कॅन्सर जागृतीची शिबिरं बहुतेक सगळे ऑक्टोबरात घेतात, कारण तो स्तनांच्या कॅन्सरचा महिना. त्या गर्दीत आपला आवाज ऐकू येत नाही. मला विचाराल तर जानेवारी बरा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी, सोसायट्यांत, बचत गटांत हळदीकुंकू असतं, बायका आपणहून एकत्र येतात, वाणाबरोबर पत्रकही हातात देता येतं. मात्र एक खोच आहे. बऱ्याच ठिकाणी अजून विधवांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पंचेचाळीस-पन्नाशीपुढच्या, नवरा गेलेल्या, ‘आता मला काय व्हायचंय’ म्हणणाऱ्या बायका तपासणीतून सगळ्यात आधी निसटतात, आणि आपण निवडलेली जागा त्यांना पुन्हा वगळते. त्यांच्यासाठी भजनी मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ गाठावे लागतील.

धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांना सकाळची ओपीडी जमत नाही. जनता वसाहतीतली बाई सकाळची कामं उरकून दुपारी एक ते चार मोकळी असते, तेव्हा रुग्णालयाचं दार बंद. वेळ बदलता आली तर निम्मी मोहीम तिथेच झाली.

खर्चाचं तर आधीच सांगावं. ‘तपासणी मोफत’ वाचून बाईच्या मनात लगेच येतं, पुढे काही निघालं तर पैसे कोण भरणार? धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ते पत्रकावर ठळक छापायला काय हरकत आहे? दुसरा हमखास प्रश्न मुलींच्या लसीचा असेल. हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूवरची पहिली भारतीय लस, ‘सर्व्हाव्हॅक’, आपल्याच पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे, त्यामुळे नाव कानावर असतं. लेकीला लस दिली तरी आईची तपासणी टळत नाही, हे एका ओळीत लिहावं.

एकदाच तपासून काय उपयोग, असं म्हणणारी भेटली तर तिला उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) सांगावं. तिथे १ लाख ३१ हजार बायकांच्या अभ्यासात ज्या गटाची एचपीव्ही चाचणी फक्त एकदा झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

फलकाचं राहिलं. रुग्णालयाच्या विश्वस्तांना तो हवाच असेल, आणि हवाच असतो, तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडून परवाना घ्यावा आणि वर एवढंच लिहावं : कोणासाठी, कुठे, किती वाजता, किती पैशांत. हसऱ्या डॉक्टरांचा फोटो नको. फोन नंबर टाकाल तर दुपारी एक ते चार तो उचलायला कुणीतरी बाईमाणूस हवं. बायका अशा गोष्टी रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी बोलत नाहीत.