दुसरा आला आणि अडकला

प्रश्न : मुलगा टोरांटोत असल्याने आम्हीही आता आइस हॉकीची एनएचएल लीग पाहतो. साखळीत अगदी वर असलेले संघ बाद फेरीच्या सुरुवातीलाच एकमेकांसमोर कसे येतात? सोडत काढतात का?

उत्तर : सोडत असती तर नशिबाला बोल लावून मोकळे होता आले असते. इथे सगळे नियमानेच घडते.

लीगमध्ये 32 संघ, दोन कॉन्फरन्स आणि प्रत्येकीत दोन डिव्हिजन. बाद फेरीत 16 संघ जातात. 2013-14 च्या मोसमापासून प्रत्येक डिव्हिजनमधले पहिले तीन संघ थेट जातात; शिवाय प्रत्येक कॉन्फरन्समधल्या उरलेल्या संघांपैकी गुणांत सरस असलेले दोन ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून घेतले जातात. डिव्हिजनविजेत्याला वाइल्ड कार्डवाला संघ मिळतो, तर दुसऱ्याची गाठ आपल्याच डिव्हिजनमधल्या तिसऱ्याशी पडते. गोम इथेच आहे. एखादी डिव्हिजन फार तगडी निघाली, की तिथले बलाढ्य संघ एकमेकांनाच घरी पाठवतात.

2017 साली नेमके हेच झाले. साखळीअखेर वॉशिंग्टन 118 गुणांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला, पिट्सबर्ग 111 गुणांसह दुसरा आणि कोलंबस 108 गुणांसह चौथा होता. तिघेही एकाच डिव्हिजनचे! पहिल्याच फेरीत पिट्सबर्गने कोलंबसला घालवले, दुसरीत वॉशिंग्टनला. त्याच डिव्हिजनमध्ये चौथा आलेला न्यूयॉर्क रेंजर्स मात्र वाइल्ड कार्डवर शेजारच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि त्याला 103 गुणांचा मॉन्ट्रियल मिळाला. म्हणजे तिसऱ्यापेक्षा चौथ्याची वाट सोपी! आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावरही आणखी एक संधी असते. इथे दुसऱ्याला बक्षीस म्हणून तिसरा मिळतो.

दोन गैरसमज मात्र दूर करायला हवेत. 2023 मध्ये विक्रमी 135 गुण मिळवणारा बोस्टन 92 गुणांच्या फ्लोरिडाकडून पहिल्याच फेरीत हरला, तेव्हाही अनेकांनी या पद्धतीलाच दोष दिला. पण अव्वल संघाला वाइल्ड कार्डवाला प्रतिस्पर्धी मिळाला होता, तोही सात सामन्यांच्या मालिकेत. यात पद्धतीचा काय दोष? दुसरा गैरसमज असा, की प्रत्येक फेरीनंतर नव्याने मानांकन केले की प्रश्न मिटेल. पुढच्या फेऱ्यांत त्याने फरक पडेल, पण दुसरा-तिसरा ही टक्कर पहिल्याच फेरीतली. ती टाळायची तर पूर्वीसारखी कॉन्फरन्सभर एक ते आठ अशी क्रमवारी लावून पहिल्याला आठवा, दुसऱ्याला सातवा द्यावा लागेल.

मग लीग बदल का करत नाही? शेजारच्या संघांची खुन्नस वाढावी, हाच तर हेतू आहे. ती वाढतेही, यात शंका नाही. फक्त त्याच त्या जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात. एडमंटन आणि लॉस एंजेलिस 2022 ते 2025 अशी सलग चार वर्षे पहिल्याच फेरीत भिडले आणि चारही वेळा एडमंटन जिंकला. चौथ्या वेळी त्यात चुरस कमी आणि सवय जास्त वाटते, असे माझे मत.

तुमच्या मुलाच्या टोरांटोनेही हे सोसले आहे. 2022 मध्ये 115 गुण मिळवून त्यांना पहिल्या फेरीत मिळाला तो लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकलेला टॅम्पा बे, आणि ते सातव्या सामन्यात हरले. तेव्हा साखळी संपत आली, की एकूण गुणतक्त्याऐवजी डिव्हिजनचा तक्ता पाहत जा. पुढची गाठ कोणाशी, हे तिथेच कळते.