तळ्यातली घाण कमी कशी करावी?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमचे दहा गुंठ्यांचे शेततळे आहे. माशांचे खाद्य सडून पाणी खराब होते. समुद्रात मासे आणि शेवाळ एकत्र वाढवतात, तसे इथे जमेल का?

उत्तर : नक्की जमेल, फक्त जाती गोड्या पाण्यातल्या हव्यात. तमिळनाडूत पाल्कच्या उपसागरात मोदा माशाच्या पिंजऱ्यांभोवती समुद्री शेवाळाचे तराफे बांधतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात मिसळणारे नत्र-स्फुरद शेवाळ शोषून घेते. एकाची घाण दुसऱ्याचे अन्न ठरते.

तुमच्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ ४:३:३ प्रमाणात सोडा. एकूण सुमारे ५०० बोटुकली पुरे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा कुजका गाळ खातो. मरळ मात्र टाकू नका, तो बोटुकली फस्त करतो.

माशांमुळे घाण कमी होईल, पण जादा खाद्याला तो उपाय नाही. कोंडा-पेंड ट्रेमध्ये ठेवा. उरली, तर दुसऱ्या दिवशी कमी द्या. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर खाद्य थांबवून ताजे पाणी सोडा.

तळाचे पाणी ओहोळात सोडू नका. मुरबाड-शहापूरचे अनेक ओहोळ बारवी, भातसा धरणांना मिळतात. ते पाणी भेंडीला किंवा भाताच्या खाचराला द्या. पिकाला खत मिळेल आणि लाखो लोकांचे पिण्याचे पाणी स्वच्छ राहील.