मांजराचे पिलू : गावातले की परगावचे?

घरात मांजराचे पिलू आणावयाचे ठरले की मुलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो रंगाचा. पांढरे आणावे की काळे, ठिपक्यांचे आणावे की पट्ट्यापट्ट्यांचे, यावर घरात मोठी चर्चा होते. परंतु याहून महत्त्वाचा असा आणखी एक प्रश्न आहे. पिलू आणावे कोठून? शेजारच्या घरी, किराणा मालाच्या दुकानात किंवा गोठ्यात जन्मलेले आणावे, की छायाचित्र पाहून आवडलेले, दूरच्या शहरातले आणावे? वरवर पाहता हा प्रश्न माणसाच्या आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः त्याच्याशी एका लहान जिवाच्या सुखदुःखाचा संबंध आहे. म्हणून तो पिलाच्या बाजूनेही पाहिला पाहिजे.

मांजर हे माणसाचे फार जुने सोबती आहे. मनुष्य शेती करू लागला, धान्याचा साठा करू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीची एक कबर उत्खननात सापडली. तीत एका मनुष्याशेजारी एक मांजर पुरलेले होते. या शोधाची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. तेव्हा ते मांजर किंवा त्याचे पूर्वज माणसांनीच नावेतून तेथे नेले असले पाहिजेत. मांजरासाठी दूरचा प्रवास करण्याची हौस आजची नाही, हे यावरून दिसते.

पुढील काळातही अशी उदाहरणे आढळतात. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी होता. १६२० साली त्याने इराणातून लिहिलेल्या पत्रात तेथील खुरासान प्रांतातल्या मांजरांचे वर्णन केले आहे. त्यांचे लांब, मऊ, रेशमासारखे केस पाहून तो हरखून गेला आणि ही मांजरे आपल्या रोम शहरी न्यावीत, असे त्याच्या मनाने घेतले. हाच प्रवासी पुढे १६२३ साली गोव्यासही आला होता. त्या काळी इराणातून रोमला जावयाचे म्हणजे महिनेच्या महिने घोड्यावर, उंटावर आणि गलबतात काढावे लागत.

लंडन शहरातील क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरविले. घरात शेकोटीपाशी बसणाऱ्या साध्या मांजरातही सौंदर्य असते, ते लोकांच्या लक्षात यावे, हा त्याचा एक हेतू होता. पण झाले वेगळेच. अशा प्रदर्शनांमुळे दुर्मिळ जातींची आणि पदकांची चढाओढ वाढत गेली. घरच्या मांजराकडे पाहा, असे सांगावयास निघालेल्या माणसाच्या हातून लोकांची नजर दूरच्या मांजरांकडे वळली!

‘दुरून डोंगर साजरे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. छायाचित्रातील पिलू नेहमी गोजिरवाणे दिसते. ते शिंकत असले तरी छायाचित्रात ऐकू येत नाही. त्याची आई धडधाकट आहे की रोगट, त्याला कोणत्या जागेत ठेवले आहे, माणसाचा हात लागताच ते खेळू लागते की भिऊन कोपऱ्यात दडते, यांपैकी काहीही चित्रावरून कळत नाही. गावातल्या पिलाची गोष्ट वेगळी असते. त्याला आज पाहता येते, उद्या पाहता येते, आठ दिवसांनी पुन्हा जाऊन पाहता येते.

हे पुन्हा पुन्हा पाहणे किती मोलाचे आहे, ते पिलाच्या पहिल्या आठ आठवड्यांचा विचार केला म्हणजे समजते. जन्मतः पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. त्याचे डोळे व कान मिटलेले असतात. आईची ऊब आणि वास एवढेच त्याचे जग असते. साधारणपणे सात ते दहा दिवसांनी डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते अडखळत चालू लागते आणि हळूहळू मऊ अन्न चाखू लागते. पुढे भावंडांशी लुटुपुटीची लढाई सुरू होते. या खेळात एकाने जोराने चावा घेतला की दुसरे ओरडते आणि खेळ थांबवते. दात आणि नखे किती जपून वापरावीत, हा धडा पिलू येथेच शिकते. म्हणून आठ आठवडे पुरे होण्यापूर्वी त्याची आईपासून ताटातूट करणे योग्य नव्हे.

याच काळाविषयी प्राणिशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली आहे. दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन विशेष संस्कारक्षम असते. या दिवसांत ज्याला माणसांनी रोज थोडा वेळ प्रेमाने हाताळले असेल, ते पुढे माणसाला भीत नाही. ज्याला माणसाचा स्पर्श मुळीच मिळाला नाही, ते मोठेपणी बुजरे होण्याचा संभव असतो. आता असे पाहा की, पिलू शेजारच्या आळीतच जन्मले आहे. घरची मुले त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड तेथे जातात, जमिनीवर शांत बसतात आणि आई रागावत नसेल तर पिलाला अलगद गोंजारतात. आठ आठवडे भरल्यावर ते पिलू घरी येते, तेव्हा ते परक्यांच्या घरी येत नाही. ज्यांचा आवाज व वास त्याला ठाऊक आहे, त्यांच्याकडे ते येते. गावातले पिलू निवडण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच होय. पैसे वाचतात, श्रम वाचतात, हे लाभ त्यामानाने गौण आहेत.

मांजरी आपली पिले सात घरे फिरवते, असे घरोघरी म्हणतात. घरांचा आकडा सातच असतो असे नाही; पण म्हणण्यात तथ्य आहे. जागा असुरक्षित वाटली की भाटी पिलाला मानेच्या सैल कातडीने अलगद तोंडात धरते आणि दुसऱ्या आडोशाला नेते. हा प्रवास एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर इतकाच असतो. शिवाय वाटेत आई सोबत असते आणि पोहोचल्यावरही आईच भेटते.

माणसाने घडविलेला प्रवास मात्र असा नसतो. उदाहरणार्थ, नागपूरच्या एखाद्या कुटुंबाने मुंबईहून पिलू आणावयाचे ठरविले, तर लोहमार्गाने हे अंतर ८०० किलोमीटरहून अधिक आहे. आगगाडीने दहा तासांहून अधिक वेळ लागतो. गाडीची धडधड, अनोळखी वास, बंद पेटी आणि आईचा वियोग हे सारे त्या चिमुकल्या जिवाला एकाच दिवशी सोसावे लागते. भीतीने काही पिले खाणे सोडतात. उन्हाळ्यात तर धोका अधिकच असतो. कारण मांजराला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही, आणि कोंदट पेटीत त्याच्या शरीराची उष्णता झपाट्याने वाढते.

हे ध्यानी घेऊनच आपल्या देशात १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम करण्यात आले. त्यांत कुत्री व मांजरे यांच्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणी प्रवासास योग्य आहे व त्याला सांसर्गिक रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला बरोबर असावा. त्याला उन्हाळ्यात दर ४ तासांनी आणि हिवाळ्यात दर ६ तासांनी पाणी द्यावे. मोठ्या मांजराला १२ तासांतून एकदा खाऊ घालावे, पण पिलांना दर ४ तासांनी खाऊ घालावे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे नागपूरच्या वाटेवर पिलाला निदान दोनदा तरी खाऊ घातले पाहिजे. पेटीवर नुसता पत्ता लिहून पिलू एकटे पाठविले, तर हे काम कोण करणार?

दूरच्या पिलाचा मोह पुष्कळदा त्याच्या जातीमुळे होतो. पर्शियन मांजर दिसावयास देखणे असते, यात शंका नाही. परंतु त्याचे लांब केस रोज विंचरावे लागतात. नाहीतर त्यांच्या गाठी होतात. त्याचे चपटे नाक मनुष्यानेच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविले आहे. फार चपट्या नाकामुळे अशा मांजरांना श्वास घेताना त्रास होतो आणि त्यांचे डोळे पाझरतात. विदर्भातला उन्हाळा त्यांना कसा सोसावा? याउलट आपल्याकडील आखूड केसांचे, सडसडीत अंगाचे देशी मांजर येथील हवेत सहज राहते.

असे असले तरी गावातले पिलू डोळे मिटून उचलून आणावे, असा याचा अर्थ नाही. जवळचे पिलूही आजारी असू शकते. त्याचे डोळे स्वच्छ आहेत का, नाक वाहते का, कानांत काळी घाण आहे का, पोट जंतांमुळे फुगले आहे का, हे पाहावे. मग त्याला पशुवैद्याकडे न्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास साथीच्या रोगांवरील पहिली लस टोचतात आणि पुढे ठराविक अंतराने ती पुन्हा देतात. रेबीजची लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात देतात. खेळताना पिलाने ओरखडले किंवा चावले, तर जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी आणि वडील माणसांना सांगून डॉक्टरांकडे जावे. ही गोष्ट लपवून ठेवू नये.

कधी कधी दूर जाणेही योग्य ठरते. परगावी राहणाऱ्या नातलगाला काही अडचणीमुळे आपले मांजर सांभाळणे अशक्य होते, किंवा एखाद्या प्राणि-आश्रयगृहातील पांगळ्या मांजराला घर हवे असते. अशा वेळी अंतराचा बाऊ करू नये. मात्र पिलाला एकटे बोलावून न घेता माणसानेच पिलाकडे जावे. त्याची आई व राहण्याची जागा पाहावी. पिलू तीन महिन्यांचे होईपर्यंत थांबता आले, तर उत्तम. झाकणाच्या हवेशीर करंडीत त्याच्या जुन्या अंथरुणाचा तुकडा घालावा, म्हणजे ओळखीचा वास सोबत राहतो. शक्य तो रात्रीचा, गारव्याचा प्रवास करावा.

पिलू जवळून आणलेले असो वा दुरून, पहिले काही दिवस त्याला एकाच शांत खोलीत ठेवावे. तेथे पाण्याची वाटी, खाणे आणि वाळूने भरलेले पसरट भांडे असावे. ते खाटेखाली दडून बसले, तर ओढून काढू नये. गाईचे दूध म्हणजेच मांजराचे अन्न, ही समजूत बरोबर नाही. आईचे दूध सुटलेल्या अनेक पिलांना गाईचे दूध पचत नाही व हगवण लागते. स्वच्छ पाणी आणि मांसाचा अंश असलेले योग्य अन्न त्याला हवे असते.

आता राहिली गावातल्या उरलेल्या पिलांची गोष्ट. मांजरीला सुमारे नऊ आठवड्यांत पिले होतात. एका वेळी तीन ते पाच पिले होतात आणि वर्षातून दोन-तीन वेळाही होऊ शकतात. इतक्या पिलांना घरे मिळत नाहीत. मग कोणी ती पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. अशी सोडलेली पिले भुकेने, कुत्र्यांच्या तोंडी सापडून किंवा वाहनाखाली मरतात. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. यावर खरा उपाय म्हणजे मांजर पाच-सहा महिन्यांचे झाले की पशुवैद्याकडून त्याची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेणे.

जो मनुष्य शेकडो मैलांवरून एक पिलू आणतो, त्याच्याच दुकानाच्या पायरीखाली कधी कधी दुसरे पिलू घराची वाट पाहत असते. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. म्हणून पिलू हवे असेल, तर शोधाचा आरंभ आपल्या आळीपासून करावा.

शब्दार्थ

उत्खनन – जमीन खणून जुने अवशेष शोधणे. संस्कारक्षम – संस्कार सहज ग्रहण करणारे. ताटातूट – वियोग. भाटी – मादी मांजर. गौण – कमी महत्त्वाचे. करंडी – वेताची किंवा बांबूची टोपली. बाऊ करणे – उगाच भीती घालणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सायप्रस बेटावरील कबरीत काय सापडले?
(आ) हॅरिसन वेअरने प्रदर्शन भरविण्याचा एक हेतू कोणता होता?
(इ) पिलाला आईपासून किती आठवडे दूर करू नये?

२. कारणे द्या.
(अ) उन्हाळ्यातील प्रवास पिलाला धोक्याचा असतो.
(आ) दूरच्या पिलाची खरी माहिती छायाचित्रावरून कळत नाही.

३. मांजरीने पिलाला घडविलेला प्रवास आणि माणसाने घडविलेला प्रवास यांतील फरक पाच-सहा वाक्यांत सांगा.

४. ‘दुरून डोंगर साजरे’ व ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ या म्हणींचा अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. परगावी जाऊन पिलू आणणे केव्हा योग्य ठरते, असे तुम्हांस वाटते? कारणांसह लिहा.

६. उपक्रम : आपल्या गावातील किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, ते शोधून काढा. तेथे मांजरांना कोणत्या लसी देतात, याची माहिती मिळवून वर्गात सांगा.